थोडक्यात लिहून वेबसाइटवर वाचक कसे आणायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइटसाठी छोटे लेख लिहिणारे आणि असे लेख लिहून घेणारे, दोघंही मला साधारण हेच प्रश्न विचारतात. उदाहरणांसाठी बहुतेक ठिकाणी एकच विषय धरला आहे: कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी पडणं. विषय साधा असला की लिहिण्यातल्या चुका चटकन नजरेत भरतात.

छोटा लेख म्हणजे नेमके किती शब्द?

आकडा हवा असेल तर निराशा होईल. लेखकाने स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत याची एक यादी गूगलने दिली आहे. त्यात एक प्रश्न असा आहे: गूगलला ठरावीक शब्दसंख्या आवडते असं कुठेतरी ऐकलं, म्हणून तुम्ही तेवढे शब्द भरताय का? आणि शेजारीच उत्तर आहे की अशी कुठलीही संख्या नाही. तरीही 'हजार शब्द झालेच पाहिजेत' ही अट घेऊन लोक येतात आणि तीनशे शब्दांचा ऐवज ताणताना दिसतात.

शिवाय हे आकडे बहुतेकदा इंग्रजीतून उचललेले असतात. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात. 'कुंडीतल्या मातीवर' हे आपण दोन शब्दांत सांगतो, इंग्रजीला त्यासाठी सहा लागतात. तिथली शब्दसंख्या जशीच्या तशी इकडे आणली तर मराठी लेखात नुसता भुसा भरावा लागतो.

मी शब्द मोजत नाही, प्रश्न मोजते. एका लेखात एक प्रश्न. 'पाणी कधी घालावं' याला दीडशे शब्द पुरतील, 'पानं पिवळी का पडतात' याला कदाचित पाचशे. पण 'कुंडीतल्या बागेची संपूर्ण माहिती' असं नाव दिलंत की तो लेख कितीही कापला तरी छोटा होणार नाही, कारण त्यात दहा लेख कोंबलेले आहेत.

लोक हल्ली वाचतच नाहीत, हे खरं का?

'हल्ली' हा शब्द आधी काढून टाकू. १९९७ साली वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन आणि जॉन मॉर्क्स यांनी लोक वेबपानं कशी वाचतात ते तपासलं, तेव्हाच ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. शब्द न् शब्द वाचणारे होते १६ टक्के. म्हणजे मोबाइलला दोष देण्यात अर्थ नाही.

त्याच कामातला दुसरा भाग मला जास्त उपयोगी वाटतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनावरची एक लहानशी साइट त्यांनी पाच तऱ्हांनी लिहिली. मजकूर तोच, पण निम्म्या शब्दांत सांगितला तेव्हा साइटची वापरसुलभता ५८ टक्क्यांनी वाढली. शब्द तेवढेच ठेवून नुसती मांडणी चाळता येईल अशी केली तेव्हा ४७ टक्क्यांनी. स्वतःची टिमकी वाजवणारी विशेषणं काढली तेव्हा २७ टक्क्यांनी. तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर वाढ १२४ टक्के. आकडे जुने आहेत, तेव्हाचे पडदेही वेगळे होते. पण विशेषणं काढल्याने लोकांचं काम सोपं होतं, ही गोष्ट आजही कुठल्याही जाहिरातबाज लेखावर करून बघण्यासारखी आहे.

२००६ मध्ये नील्सन यांच्याच संस्थेने २३२ जणांच्या नजरेचा माग काढला. नजर वरच्या एक-दोन ओळींवरून आडवी जाते आणि मग डाव्या कडेने खाली घसरते. त्याचा आकार साधारण इंग्रजी 'एफ'सारखा होतो. उपमथळे नसलेला सलग मजकूर समोर आला की हे जास्त दिसतं.

माझा अनुभव असा की वाचक आधी शोधतो आणि मग वाचतो. आपलं उत्तर इथे आहे का, एवढंच त्याला पहिल्यांदा ठरवायचं असतं. ते आहे असं दिसलं की तोच माणूस शांतपणे सहाशे शब्दही वाचून काढतो.

सुरुवात कशी करावी?

उत्तरापासून. आपल्याकडे नमनालाच घडाभर तेल जातं. पानं पिवळी पडण्यावरच्या लेखाची सुरुवात 'निसर्ग आणि मानव यांचं नातं अनादी काळापासून' अशी होते आणि ज्याचं रोप मरतंय तो माणूस तिसऱ्या ओळीला परत फिरतो.

त्याऐवजी हे बघा: 'पानं पिवळी पडण्याचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे जास्त पाणी. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात आणि त्याचा परिणाम पानांवर दिसतो.' काम झालं. आता पुढचं सगळं तपशिलाचं.

बातमीदार याला उलटा पिरॅमिड म्हणतात: महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. छापील पानावर याचा एक रोकडा फायदा होता. जागा कमी पडली तर उपसंपादक बातमी खालून कापायचा आणि तरी ती बातमी राहायची. वेबवर कापण्याचं काम वाचक करतो. तो कुठल्या ओळीला सोडून जाईल ते तुम्हाला आधी कळत नाही, म्हणून जिथे सोडेल तिथपर्यंतचा मजकूर त्याच्या उपयोगी पडायला हवा.

एक सोपी युक्ती. पहिला मसुदा झाला की पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. काही अडतं का? बहुतेकदा नाही. पहिला परिच्छेद आपण स्वतःला लिहितं करण्यासाठी लिहिलेला असतो.

उत्तर वरच देऊन टाकलं तर वाचक लगेच निघून जाणार नाही का?

काही जातील. जाऊ द्या. उत्तर मिळून गेलेला माणूस पुढच्या वेळी तुमचं नाव ओळखतो. उत्तर लपवून तुम्ही त्याला तीन वेळा खाली सरकवलंत तरी तो तुम्हाला लक्षात ठेवतो, पण वेगळ्या कारणाने.

राहणारे का राहतात ते बघा. 'जास्त पाणी' हे उत्तर मिळाल्याबरोबर पुढचा प्रश्न उभा राहतो: माझ्या रोपाचं कारण हेच आहे कशावरून? मग तुम्ही सांगता की जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर पाणी किंवा नायट्रोजनची कमतरता तपासा. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडत असण्याची शक्यता जास्त. हे वाचायला तो थांबतो, कारण आता लेख त्याच्या कुंडीबद्दल बोलतोय.

याला आता आणखी एक कारण जोडलं गेलं आहे. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत शोधाच्या पानावरच एआयने तयार केलेला सारांश दाखवायला सुरुवात केली, आणि नंतर ती सोय इतर देशांतही गेली. दोन ओळींचं उत्तर हवं असलेल्या माणसाला तुमच्या साइटवर यायची गरजच उरलेली नाही. जो येतो तो त्या दोन ओळींनी भागलं नाही म्हणून येतो. त्यामुळे छोटा आणि पातळ यांतला फरक पूर्वीपेक्षा जास्त महागात पडतो. चार ठिकाणी असलेलीच माहिती चारशे शब्दांत पाचव्यांदा सांगणारा लेख पातळ आहे. तेवढ्याच शब्दांत खालचं पान आणि कोवळं पान यांतला फरक ओळखायला शिकवणारा लेख छोटा आहे.

मथळ्यात काय असावं?

वाचक शोधताना जे शब्द टाइप करेल ते. 'हरित सोबत्यांची व्यथा' हा मथळा ललित लेखाला शोभेल, पण रोप मरताना कुणी 'व्यथा' शोधत नाही. 'कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी पडतायत? आधी माती तपासा' यात विषय आहे आणि लेखाचं म्हणणंही आहे.

महत्त्वाचे शब्द पुढे घ्या. शोधाच्या पानावर मथळा जागेच्या रुंदीनुसार तुटतो, अक्षरं मोजून नाही. त्यामुळे 'पन्नास अक्षरं', 'साठ अक्षरं' असले नियम अंदाजापुरतेच धरावेत. आणि तुम्ही दिलेलाच मथळा दिसेल याची खात्री नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने मथळे तयार करण्याची पद्धत बदलली, आणि पानावरचा मोठा मथळा किंवा इतर मजकूरही त्या जागी येऊ शकतो. म्हणून ब्राउझरच्या टॅबमधला मथळा आणि पानावरचा मथळा यांत तफावत ठेवू नये.

'ही एक चूक तुमचं रोप मारतेय!' छापाचे मथळे चालतात का? एकदा चालतात. मथळ्याने दिलेलं वचन पहिल्या परिच्छेदात पुरं होत असेल तर माझा आक्षेप नाही. ते नवव्या परिच्छेदात पुरं होत असेल तर आहे.

कीवर्ड किती वेळा घालावा?

कीवर्ड म्हणजे वाचक शोधताना टाइप करतो तो शब्द. तो मोजू नका. 'रोप पानं पिवळी उपाय' असा विभक्ती गळालेला शब्दांचा गठ्ठा लोक शोधताना टाइप करतात, हे खरं. पण म्हणून तो वाक्यात घुसवायचा नसतो. मराठीत शब्द रूपं बदलतो: रोप, रोपाला, रोपांची, रोपांमध्ये. विषयाला धरून लिहिलंत की ही सगळी रूपं आपसूक येतात. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी भरण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी दिसते. वेबशोधाचा क्रम लावताना ती यादी आपण वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

लिहून झालेला लेख कापायचा कसा?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार आहे.

आधी मोठं कापा, मग बारीक. शब्दांपासून सुरुवात केलीत तर तास घालवून वीस शब्द कमी होतील. परिच्छेदांपासून करा. प्रत्येक परिच्छेदाला विचारा: तू लेखाच्या प्रश्नाचं उत्तर देतोयस, की तुला जे माहीत आहे ते सांगतोयस? दुसऱ्या प्रकारचे परिच्छेद बाहेर. फेकू नका, दुसऱ्या लेखाला होतील. कुंडी कोणत्या मापाची घ्यावी हा परिच्छेद चांगला असेल, पण तो त्या दुसऱ्या लेखात.

मग वाक्यं. मराठीत पाल्हाळ कुठून येतं ते थोड्या सरावाने ओळखू येतं. कार्यालयीन भाषा हा मोठा झरा: 'च्या माध्यमातून', 'च्या दृष्टिकोनातून', 'करण्यात येते', 'या ठिकाणी'. निबंधाची भाषा हा दुसरा: 'आजच्या धावपळीच्या युगात', 'अनन्यसाधारण महत्त्व', 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही'. हे शब्दप्रयोग सापडले की वाक्य डागडुजी करत बसू नका, नवं लिहा. माझ्याकडे आलेल्या लेखांत असतात तसं एक वाक्य:

'रोपांना पाणी देण्याच्या प्रक्रियेदरम्यान पाण्याचे प्रमाण योग्य राखले जाणे अत्यंत आवश्यक असते असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.'

सतरा शब्द. आता हे:

'वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला.'

आठ शब्द. पण नुसती संख्या बघू नका. पहिल्या वाक्यात योग्य प्रमाण म्हणजे किती, हे सांगितलेलंच नव्हतं. लांबलचक वाक्याआड लेखकाला न सुचलेला तपशील लपला होता, आणि कापायला घेतल्यावर तो शोधावा लागला. पाल्हाळाची माझी व्याख्या साधारण हीच आहे: माहिती नसलेल्या जागी टाकलेली भर. म्हणून कापताना कधीकधी आधी चौकशी करावी लागते, एखाद्याला फोन करावा लागतो, मग वाक्य लहान होतं.

शेवटी लेख मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे पूर्णविराम हवा. जिथे तुमचाच आवाज कंटाळलेला ऐकू येतो ती ओळ काढा. शक्य असेल तर मध्ये एक रात्र जाऊ द्या. संध्याकाळी प्रिय वाटलेलं वाक्य सकाळी परकं दिसतं आणि परकं वाक्य कापताना हात कचरत नाही.

काय कापू नये?

इशारे, अटी आणि कारणं. माझीच चूक सांगते. डाग काढण्याच्या उपायांवरचा एक लेख मी कापत होते. ठरलेल्या जागेपेक्षा दोन ओळी जास्त होत होत्या. 'ब्लीच आणि आम्ल असलेला क्लीनर एकत्र करू नका' ही ओळ मला पुनरुक्ती वाटली, म्हणून काढली. एका सहकाऱ्याने शेवटच्या वाचनात ती कुठे गेली म्हणून विचारलं. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ओळ परत घातली आणि तिच्याऐवजी लेखातलं सगळ्यात छान जमलेलं वाक्य गेलं. तेव्हापासून कापायच्या आधी मी 'हे गेलं तर कुणाचं काय बिघडेल' असं समासात लिहिते.

'बहुतेकदा', 'साधारणपणे' हे शब्दही सरसकट उडवू नयेत. पानं बहुतेकदा पाण्यामुळे पिवळी पडतात. 'बहुतेकदा' काढलात तर वाक्य चटपटीत होतं आणि खोटंही.

याद्या, उपमथळे, ठळक अक्षरं?

उपमथळे हवेतच, आणि ते बोलके हवेत. 'कारणे' या उपमथळ्यातून काही कळत नाही, 'खालची पानं पिवळी पडली तर' यातून कळतं. क्रमाने करायच्या कृतीला यादी चांगली. विचाराला मात्र वाईट, कारण यादीत 'म्हणून' आणि 'पण' गळून पडतात. ठळक अक्षरं जपून. सगळंच ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही.

दुव्यांना 'इथे क्लिक करा' असं नाव देऊ नका. दुवा कुठे नेणार ते त्याच्या शब्दांतच यायला हवं. आवाजाने पान ऐकणाऱ्या अंध वाचकाला नुसते दुवे वाचून दाखवले जातात, तेव्हा दहा वेळा 'इथे क्लिक करा' ऐकण्याचा त्याला काय उपयोग?

तोच लेख पन्नास साइटवर टाकला तर जास्त लोक येतील ना?

एके काळी यायचे. छोटा लेख लिहायचा, शेवटी स्वतःच्या साइटचा दुवा जोडायचा आणि लेखसंग्रह करणाऱ्या साइटवर तो वाटत सुटायचा, हा २००० च्या दशकात चांगला चाललेला उद्योग होता. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला. पातळ आणि नक्कल केलेला मजकूर खाली ढकलणाऱ्या या बदलाचा परिणाम अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर झाला, आणि त्या संग्रहांचे वाचक आटले. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या 'पेंग्विन'ने कृत्रिम दुव्यांकडे मोर्चा वळवला.

दुसऱ्याच्या साइटवर लिहूच नये असं मात्र नाही. तिथल्या वाचकांसाठी वेगळा, खरा लेख लिहा. त्यातून आलेला एक वाचक पन्नास नकलांपेक्षा मोलाचा.

लेखातून आमची वस्तू विकायची असेल तर?

तर तसं सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. उत्तर पूर्ण द्या आणि त्यानंतर एका वाक्यात तुमची वस्तू. अर्धं उत्तर देऊन उरलेल्यासाठी 'आमच्याशी संपर्क साधा' म्हटलं की वाचक मागे वळतो आणि शोधाच्या पुढच्या निकालावर जातो.

एआयकडून लेख लिहून घेतला तर चालेल?

गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो किती उपयोगी आहे ते बघू. मार्च २०२४ मध्ये मात्र क्रमवारीत वर येण्यासाठी घाऊक मजकूर तयार करण्यावर बंदी घालणारा नियम आला, मग तो माणसांनी लिहिलेला असो वा यंत्राने. मला अडचण दिसते ती वेगळीच: यंत्राला फापटपसारा फार आवडतो. त्याचा मसुदा घेतलात तर वरचा कापण्याचा प्रश्न पुन्हा वाचा. आणि बोटाने माती तपासलेला माणूस लेखात कुठेतरी असू द्या.

वेबपानाचा पत्ता (यूआरएल) मराठीत ठेवावा का?

ठेवता येतो, शोधाला त्याचं वावडं नाही. त्रास होतो दुवा पाठवताना. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. 'पिवळी' या शब्दात प, व, ळ आणि दोन वेलांट्या मिळून पाच चिन्हं, म्हणजे कॉपी करून चिकटवल्यावर पंचेचाळीस अक्षरांचा गिचमिडा. चार शब्दांचा पत्ता तीन ओळी खातो. मी रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा पत्ता ठेवते. सुंदर दिसत नाही, पण संदेशात पाठवता येतो.

लेखाने वाचक आणले की नाही, हे कसं कळणार?

गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं साधन, फुकट आहे आणि त्यात सोळा महिन्यांची माहिती दिसते. चार आकडे बघा: तुमचं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी त्यावर क्लिक केलं, क्लिकचं प्रमाण किती आणि सरासरी क्रमांक कितवा. खूप वेळा दिसतंय पण क्लिक नाहीत, तर आधी मथळा सुधारा. दिसतच नाही, तर लोक तो प्रश्न त्या शब्दांत विचारत नसतील, किंवा त्याचं चांगलं उत्तर आधीच दुसरीकडे असेल.

पण खरा खजिना आहे लोकांनी टाइप केलेल्या शोधांची यादी. तुम्ही लिहिलं 'पानं पिवळी पडणं' आणि लोक येतायत 'पानांची टोकं करपली' शोधत. हा तुमचा पुढचा लेख, विषय वाचकांनीच सुचवलेला.

गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर आलेले लोक काय करतात ते मोजणाऱ्या साधनात, भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली तरी ती 'गुंतलेली' धरली जाते, तेव्हा त्या टक्केवारीवर फार हुरळून जाऊ नका.

थोडक्यात लिहा म्हणता आणि हे पान एवढं लांब?

कारण तुम्ही ते सगळं वाचणार नाही असं गृहीत धरलं आहे. आपला प्रश्न शोधायचा, तेवढंच वाचायचं. पूर्वी असे प्रश्न गूगलच्या निकालातच उलगडून दिसायचे आणि त्यासाठी लोक कुठल्याही लेखाखाली प्रश्नांची शेपटी जोडायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरती मर्यादित केली, त्यामुळे तो मोह उरलेला नाही.

या पानावरही कात्री चालली आहे. 'आठवड्याला किती लेख टाकावेत' आणि 'लेख कोणत्या वेळी प्रसिद्ध करावा' असे आणखी दोन प्रश्न होते. दोन्हींची उत्तरं प्रत्येकी दोन परिच्छेद झाली होती आणि दोन्हींतून 'ते तुमच्यावर अवलंबून आहे' एवढंच निघत होतं.